बोरूपासून संगणकापर्यंत : हस्तलिखित-वाचनाची वाटचाल आणि वऱ्हाड

दीपावलीच्या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखण्याची प्रथा चांदूर रेल्वे, धामणगाव, बडनेरा या लोहमार्गावरील बाजारपेठांतील व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वर्ष संपले की जुनी वही लाल कापडात बांधून माळ्यावर जाई. कपाशीचे सौदे, हुंड्या, कापडाच्या ताग्यांची आवक-जावक, मंदिरास दिलेली देणगी, लग्नातील आहेर, उधारी आणि तिची फेड असा घराण्याचा सारा प्रपंच त्या पानांत उतरलेला असे. आज अशी एखादी वही उघडली तर शाई काळीभोर दिसते, कागदही शाबूत असतो; परंतु घरातील कोणालाही तीतील एक ओळ वाचता येत नाही. अक्षर टिकले, वाचक मात्र संपला, अशी ही विचित्र अवस्था आहे.

जे क्षर पावत नाही ते अक्षर, अशी आपल्या परंपरेतील व्युत्पत्ती आहे. पण लिपी जाणणारा शेवटचा मनुष्य निघून गेला की ते अक्षर असूनही नसल्यासारखे होते. हे वाचन यंत्राला शिकविता येईल काय, या प्रश्नावर भारतातील संशोधक गेली पन्नास वर्षे परिश्रम करीत आहेत. त्या परिश्रमांचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो सांगावयाचा तर आरंभ संगणकापासून करून चालणार नाही. तो हस्तलिखित वाचणाऱ्या माणसांपासूनच करावा लागतो, आणि त्या कथेतील एक सोनेरी पान चांदूर रेल्वेपासून अगदी जवळ असलेल्या अमरावती नगरीत लिहिले गेले आहे.

मूडबिद्री ते अमरावती : एका ग्रंथाचा प्रवास

आचार्य धरसेन यांच्याकडून श्रुतज्ञान प्राप्त करून पुष्पदंत व भूतबली या दोन आचार्यांनी षट्खंडागमाची रचना केली. त्यावर आचार्य वीरसेन यांनी इ. स. ८१६ मध्ये 'धवला' ही विस्तीर्ण टीका पूर्ण केली. तिचा विस्तार बहात्तर हजार श्लोकप्रमाण मानला जातो. पुढे कित्येक शतके या ग्रंथाच्या ताडपत्रावरील प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जतन केल्या गेल्या. दूरदूरचे यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, मस्तक नमवीत आणि परत जात. ग्रंथ वाचला मात्र जात नसे, कारण ती लिपी जुनी कानडी होती व ती जाणणारे विद्वान विरळ झाले होते.

मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांना ही स्थिती अस्वस्थ करू लागली. ताडपत्रे जीर्ण होत चालली होती. त्यांच्या प्रयत्नांतून १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती उपाध्याय हे या कामी नेमले गेले. एक एक पान डोळ्यांसमोर धरावयाचे, कानडी अक्षर ओळखावयाचे आणि ते नागरीत उतरवावयाचे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने एक कानडी प्रत स्वतंत्रपणे तयार केली. ही प्रत पुढे सहारनपूर येथे पोहोचली. तेथे कानडी जाणणारे एक पंडित वाचून सांगत आणि पंडित सीताराम शास्त्री ती नागरीत उतरवून घेत. या नागरी प्रतीच्या नकला मग निरनिराळ्या ठिकाणी गेल्या. आरा, कारंजा आणि अमरावती ही त्यांतील प्रमुख स्थाने होत.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात त्या काळी डॉ. हिरालाल जैन हे संस्कृतचे अध्यापक होते. भेलसा म्हणजे आजच्या विदिशा येथील सेठ लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून अमरावतीस जैन साहित्योद्धारक निधी स्थापन झाला आणि १९३९ साली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पंडित फूलचंद्र शास्त्री, पंडित हिरालाल शास्त्री आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे सहकार्य या कार्यास लाभले. सोळा खंडांचे हे काम १९५९ पर्यंत चालले. शतकानुशतके केवळ दर्शनाचा विषय असलेला ग्रंथ वऱ्हाडातून वाचनाचा विषय झाला, ही गोष्ट येथील समाजबांधवांना निश्चितच अभिमानास्पद वाटावी.

या कथेतील एक प्रसंग मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्राचा अर्थ नीट लागत नव्हता. तेथे 'संजद' हा शब्द असावयास हवा, असे संपादकांना संदर्भावरून वाटले. पण हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. एका शब्दाच्या असण्या-नसण्यावरून विद्वानांत दीर्घकाळ वाद झडला, कारण त्यावर सिद्धांताचा अर्थ अवलंबून होता. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी मेळ घालण्याची संधी मिळाली, तेव्हा तो शब्द तेथे आढळला. ताडपत्रावरून कानडी कागदी प्रत, तीवरून नागरी प्रत आणि तिच्यावरून पुन्हा नकला, या परंपरेत तो कोठेतरी गळून पडला होता. हस्तलिखित वाचणे म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे. अर्थ जाणणारा मनुष्य आणि मूळ पान ही दोन्ही शेवटपर्यंत हाताशी असावी लागतात, हा धडा अमरावतीने त्या वेळी घालून दिला. संगणकाच्या युगातही तो तितकाच खरा ठरला आहे.

कारंजाची शास्त्रभांडारे

पूर्वी अकोला जिल्ह्यात व १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा हे जैन हस्तलिखितांचे मोठे केंद्र. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या तिन्ही परंपरांची मंदिरे तेथे असून त्यांच्या भांडारांत संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश ग्रंथ जतन झाले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूरहून प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या या ठेव्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. त्यांच्याच नावाचे अमरावतीचे डॉ. हिरालाल जैन यांनी पुढे तेथील अपभ्रंश ग्रंथांचे संपादन हाती घेतले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' निघाले. पाठोपाठ 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' हे ग्रंथ १९३४ पर्यंत प्रकाशात आले. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासाला यामुळे मोठीच चालना मिळाली.

ही हस्तलिखिते नागरीत असली तरी आजच्या वाचकास ती सहज वाचता येत नाहीत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळीच्या शेवटी शब्द मध्येच तुटतो. अनेक जुन्या जैन पोथ्यांत पडिमात्रेची पद्धत दिसते. तीत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या काठीसारखी काढतात. नवख्या वाचकाला ती मागल्या अक्षराचा काना वाटते आणि सारा शब्दच पालटतो. पोथीच्या अखेरीस लेखनिक बहुधा विनयाने सांगतो की, जसे पाहिले तसे उतरविले, चूक असल्यास दोष देऊ नये. यंत्राकडून नक्कल करून घेणाऱ्या आजच्या संशोधकाचीही भूमिका फार वेगळी नाही.

व्यापाऱ्याची लिपी आणि राज्याची लिपी

पोथीची लिपी सावकाश, देखणी आणि टिकाऊ. वहीची लिपी वेगाची. राजस्थानातून वऱ्हाडात आलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्यासोबत महाजनी किंवा मुडिया लिपी आणली. या लिपीत काना-मात्रा बहुधा लिहीतच नसत. जाणत्याला संदर्भाने सर्व कळे, परक्याला काही कळत नसे, आणि व्यापारी गुपित राखण्यास ते सोयीचेही होते. 'काकाजी अजमेर गये' हा निरोप 'काकाजी आज मर गये' असा वाचला जाऊन घरात रडारड झाली, ही मारवाडी घरांतील जुनी विनोदी कथा या लिपीचा गुण आणि दोष दोन्ही एका वाक्यात सांगते.

मराठी राज्यकारभाराची लिपी मोडी. ती यादवांचा मंत्री हेमाडपंत याने रूढ केली अशी परंपरागत समजूत आहे. प्रथम संपूर्ण ओळीची शिरोरेघ आखून घ्यावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तीखाली अक्षरे ओवीत जावयाचे, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, शब्दांत अंतर नाही. स्वरचिन्ह जोडले की कित्येक अक्षरांचे मूळ रूपच बदलते. वऱ्हाडातील जुनी खरेदीखते, गहाणखते, महसुली कागद यांत ही लिपी जागोजाग भेटते. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, त्यामुळे मोडी मागे पडत गेली आणि १९५० च्या दशकानंतर शालेय शिक्षणातूनही तिचे उच्चाटन झाले.

त्यानंतर केवळ दोन पिढ्यांत केवढे अंतर पडले, याची कल्पना पुण्यातील पेशवे दप्तरावरून यावी. तेथील हजारो रुमालांत मोडी कागद बांधलेले आहेत. कागदांच्या गठ्ठ्यास कापडाच्या वेष्टनावरून 'रुमाल' हे नाव पडले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात या दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, तरीही अवाचित कागदांची संख्या प्रचंडच राहिली. आणि हा विषय केवळ इतिहासकारांपुरता उरलेला नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची ठिकठिकाणी निकड भासली. जुन्या नोंदवहीतील एका शब्दावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून, आणि तो शब्द वाचणारे हात मोजके, असे चित्र अवघ्या राज्याने पाहिले.

यंत्र अक्षर कसे पाहते

संगणक अक्षर कसे पाहतो हे कापडाच्या व्यापाऱ्यास समजणे कठीण नाही. उभ्या ताण्यात आडवा बाणा गुंफून जसे कापड विणले जाते, तसेच संगणकाला पान दिसते ते उभ्या-आडव्या ठिपक्यांचे विणकाम म्हणून. एका इंचात तीनशे ठिपके या सर्वसाधारण प्रमाणाने पानाची प्रतिमा घेतली, तर एका चौरस इंचात नव्वद हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढेच यंत्रास प्रथम कळते. त्यातून कागदाचा पिवळेपणा आणि मागील बाजूने उमटलेली शाई वेगळी काढावयाची, तिरके पान सरळ करावयाचे, ओळी सुट्या करावयाच्या, मग शब्द आणि शेवटी अक्षर.

इंग्रजी छापील अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. नागरीत मात्र शिरोरेघ सर्वांना एका दोरीत बांधते. म्हणून जुन्या पद्धतीत यंत्र प्रथम शिरोरेघ शोधून ती पुसून टाकी; मग अक्षरे सुटी होत. वरच्या मात्रा, मधली अक्षरे आणि खालचे उकार असे तीन पट्टे पाडून प्रत्येकाची ओळख स्वतंत्रपणे पटवावी लागे. त्यात जोडाक्षरांची भर. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद एखाद्या रेघेचा. जुन्या वळणाचा 'ख' तर 'रव' असा वाचला जाई. १९५३ सालच्या लखनौ येथील लिपिसुधारणा परिषदेत 'ख'चे दोन भाग तळाशी जोडण्याचा विचार पुढे आला तो याच घोटाळ्यामुळे. जेथे माणसे अडखळली तेथे यंत्र अडखळले तर नवल नाही.

खरगपूर, कानपूर आणि कोलकाता

भारतात या विषयाचा पाया १९७० च्या दशकात घातला गेला. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७३ साली देवनागरी अक्षर-ओळखीवर प्रबंध सादर केला. प्रत्येक अक्षर म्हणजे काही रेषा व वळणांची ठरावीक मांडणी आहे आणि या मांडणीचे व्याकरण यंत्राला शिकविता येते, अशी त्यांची कल्पना होती. खरगपूरच्या आयआयटीत आय. के. सेठी आणि बी. चॅटर्जी यांनी १९७६ मध्ये हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांच्या यांत्रिक ओळखीवर व पुढल्या वर्षी हाताने सुटी लिहिलेल्या अक्षरांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. आडवी रेघ, उभी रेघ, उजवीकडे वा डावीकडे झुकणारी रेघ, वळण, अशा मूळ घटकांत अंक मोडावयाचा आणि मग 'हे आहे काय, ते आहे काय' असे प्रश्न क्रमाने विचारीत निर्णयास पोहोचावयाचे, ही त्यांची पद्धत होती. संगणक खोलीएवढे मोठे आणि स्मरणशक्ती तोकडी, अशा काळात हे काम झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९० च्या दशकात बंगाली व देवनागरी छापील मजकूर वाचणाऱ्या प्रणाली उभ्या केल्या. पण छापील अक्षर आणि हस्ताक्षर यांत महदंतर असते. छापखान्यातील 'क' सर्वत्र एकच; माणसागणिक 'क' मात्र निराळा, आणि एकाच माणसाचा सकाळचा 'क' सायंकाळच्या 'क' शी जुळेल असेही नाही. म्हणून तेथील संशोधकांनी नमुने गोळा करण्यावर भर दिला. टपालावरील पत्ते आणि नोकरीचे अर्ज यांतून १,०४९ व्यक्तींच्या हातचे २२,५५६ देवनागरी अंक त्यांनी संकलित केले. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या सहा आकडी पिनकोडामुळे टपाल खात्यात अंक-वाचनाचा मोठाच उपयोग होण्यासारखा होता. अमेरिकेत टपालाच्या पाकिटांवरील हस्तलिखित अंक वाचणारे चेताजाल यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली यशस्वी करून दाखविले होते. भारतीय लिप्यांपुढील अडचण अधिक बिकट होती. एकाच पाकिटावर मराठी, हिंदी वा बंगाली पत्ता आणि इंग्रजी अंक, असा सरमिसळीचा व्यवहार येथे नित्याचा आहे.

लिपीला संगणकात नागरिकत्व

यंत्राने अक्षर ओळखले तरी ते साठविण्यासाठी त्या अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक असावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९८८ पासून भारतीय भाषांच्या संगणकीकरणास मोठा हातभार लावला. त्याच १९९१ साली निघालेल्या युनिकोड या जागतिक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. मोडी मात्र बाहेरच राहिली. अंशुमान पांडे यांनी मोडी, महाजनी अशा अनेक उपेक्षित लिप्यांचे प्रस्ताव परिश्रमपूर्वक तयार केले आणि २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी व महाजनी या दोन्ही लिप्यांचा एकाच वेळी समावेश झाला. राज्याची लिपी आणि वहीची लिपी यांना एकाच वर्षी संगणकात हक्काची जागा मिळावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

नमुन्यांतून शिकणारे यंत्र

पहिल्या पिढीतील यंत्राला माणूस नियम सांगत असे. नव्या पिढीतील यंत्राला नमुने दाखवितात आणि नियम ते स्वतःच शोधते. नवा मुनीम पेढीवर बसतो तेव्हा त्याला कोणी अक्षरशास्त्र शिकवीत नाही. जुन्या वह्या चाळून चाळून त्याची नजर तयार होते. यंत्राचेही तसेच, फरक एवढाच की त्याला हजारो-लाखो नमुने लागतात. नेपाळमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ४६ अक्षर-अंकांचे ९२,००० हस्तलिखित नमुने खुले केले. हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेने २०१८ मध्ये सुमारे ९५ हजार हस्तलिखित देवनागरी शब्दांचा संग्रह सिद्ध केला. या टप्प्यावर अक्षरे सुटी करण्याची आवश्यकताच उरली नाही. यंत्र सारा शब्द एका दमात वाचू लागले आणि भाषेच्या ज्ञानाने आपली चूक सुधारू लागले. २०१५ मध्येच गूगलने ८२ भाषांत बोटाने लिहिलेले अक्षर ओळखणारी सोय भ्रमणध्वनीवर आणली. बोट फिरत असताना रेघ कोठून कोठे गेली हे यंत्राला दिसत असते, त्यामुळे ते काम तुलनेने सुकर असते. जुन्या कागदावर केवळ वाळलेली शाई उरते. बोरू कोणत्या दिशेने फिरला ते कोणीही सांगत नाही.

मोडीच्या यांत्रिक वाचनाच्या आरंभीच्या प्रयत्नांत वऱ्हाड-खानदेशाचा वाटा आहे, ही आनंदाची बाब होय. अकोल्याचे डी. एन. बेसेकर आणि जळगावच्या विद्यापीठातील आर. जे. रामटेके यांनी २०१० नंतरच्या वर्षांत मोडी अंक व स्वर यांच्या संगणकीय ओळखीवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. साधने तुटपुंजी, नमुने स्वतःच जमवावयाचे, अशा परिस्थितीत हे कार्य झाले. त्यानंतर २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी पुण्यातील विद्यार्थ्यांच्या सहकार्याने मोडी पानाचे थेट देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली सादर केली. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही काळांतील दोन हजारांहून अधिक प्रतिमा जाणकारांनी तपासलेल्या देवनागरी पाठासह एकत्र केल्या गेल्या. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' या उपक्रमाची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचा संकल्प मांडला गेला.

यंत्राची मर्यादा

या प्रगतीने हुरळून जाण्याचे कारण नाही. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव अक्षरे बरोबर वाचणारे यंत्र उत्तम म्हणावे लागेल. तरी हजार अक्षरांच्या पानात त्याच्या वीस चुका होणार. कथेच्या पुस्तकात त्या खपून जातात. हिशेबाच्या वहीत 'एका'चा 'नऊ' झाला तर जमा आणि नावे यांचा मेळ कधीच बसणार नाही, आणि आगमातील एक शब्द गळला तर काय होते ते 'संजद' प्रकरणात दिसलेच आहे. शिवाय यंत्राची चूक सुबक छापील अक्षरांत समोर येते, म्हणून ती अधिक फसवी ठरते. लेखनिकाची खाडाखोड निदान दिसते तरी.

दुसरी मर्यादा भाषेची. हिंदी नमुन्यांवर वाढलेल्या यंत्रास मराठीचा 'ळ' कमी परिचयाचा आणि अर्ध्या चंद्रकोरीसारखा 'ऱ्' तर त्याहून अपरिचित. 'वऱ्हाड' हे या भूमीचे नावच अशा अक्षराने बनलेले आहे. ते बरोबर वाचावयास यंत्राला शिकवावयाचे तर वऱ्हाडातील लोकांच्या हातचे नमुनेच त्याला दाखवावे लागतील. जी भाषा, जी लिपी आपले नमुने देणार नाही, ती यंत्राच्या लेखी नाहीच. महाजनी लिपीच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा आहे. ती राज्याची लिपी नव्हती, तिचे दप्तर कोणत्याही पुराभिलेखागारात एकत्र नाही. ते घरोघरच्या माळ्यांवर विखुरले आहे. या वह्या रद्दीत गेल्या तर त्यांच्यासोबत यंत्राला शिकविण्याची शक्यताही जाईल.

समाजापुढील कर्तव्य

यंत्राला शिकविण्यासाठी दोन गोष्टी जोडीने लागतात. मूळ पानाची स्वच्छ प्रतिमा आणि त्या पानाचा जाणकाराने लिहिलेला शुद्ध पाठ. प्रतिमा आज कोणताही तरुण भ्रमणध्वनीवर घेऊ शकतो. पाठ मात्र ज्यांना ती लिपी येते अशा वडीलधाऱ्यांकडूनच मिळू शकतो, आणि अशी मंडळी बहुतेक ऐंशीच्या पुढची आहेत. तंत्रज्ञान उद्या अधिक चांगले आणि स्वस्त होईल यात शंका नाही. जाणकार मात्र उद्या असतीलच असे नाही. म्हणून घाई आहे ती माणसांसाठी, यंत्रासाठी नाही.

हे कार्य मोठ्या खर्चाचे नाही. ज्या घरात जुन्या वह्या, दस्त वा पोथ्या असतील त्यांनी त्या ओलावा व वाळवीपासून दूर, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवाव्यात. प्रत्येक पानाची प्रतिमा घेऊन तीवर घराणे, गाव आणि साल नोंदवावे. वडीलधाऱ्यांना समोर बसवून दहा-वीस पाने जरी वाचून घेतली आणि ती मुलामुलींनी नागरीत उतरविली, तरी पुढील संशोधकास ती किल्लीसारखी उपयोगी पडतील. वह्यांत इतरांच्या देण्या-घेण्याच्याही नोंदी असतात. म्हणून त्या खुल्या करताना संबंधितांच्या अब्रूची काळजी घ्यावी. आणि यंत्राने वाचलेला पाठ मूळ पानाशी ताडून पाहिल्यावाचून प्रमाण मानू नये.

श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला ग्रंथांची वेष्टने सोडून, धूळ झटकून, ती नव्या कापडात बांधण्याची परंपरा जैन समाजात आहे. शास्त्रदान हे श्रेष्ठ दानांपैकी एक मानून श्रावक-श्राविकांनी पूर्वी ग्रंथांच्या नकला करविल्या आणि त्या भांडारांस अर्पण केल्या. पान वाचून त्याचा पाठ पुढील पिढीच्या हाती देणे हे आजच्या काळातील शास्त्रदानच होय. गजपती उपाध्याय आणि लक्ष्मीबाई यांनी घरात बसून उतरविलेल्या एका प्रतीपासून अमरावतीच्या मुद्रित धवलेपर्यंत वाट गेली. चांदूर रेल्वेतील एखाद्या माळ्यावरच्या लाल बासनापासूनही अशी एखादी वाट सुरू होऊ शकेल. ते बासन कोणीतरी सोडावयास मात्र हवे.

॥ जय जिनेंद्र ॥